झिरो बॅलन्स खातं ही मेहरबानी नाही

निकाल लागले की नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेऊन हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगावची मुलं-मुली कॉलेजातून बाहेर पडतात. घरात मिठाई येते, मामू-खालांचे फोन येतात, 'अब आगे क्या?' असं दहा जण विचारतात. कॉलेजात असताना उघडलेल्या बँक खात्याचं आता काय करणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. अब्बू विचारत नाहीत, सर विचारत नाहीत, आणि बँक तर मुद्दाम विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पदवीनंतरचं पहिलं वर्ष हे आपल्या मुलांच्या खिशातून बँकेने पैसे काढण्याचं वर्ष असतं. ते थांबवायचे नियम आहेत. ते आपण वापरत नाही, कारण बँकेत काही मागायचं असतं हेच आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. आपण बँकेत जातो ते सरकारी कचेरीत गेल्यासारखे: टोपी सावरून, आवाज खाली करून, 'साहेब, जरा बघा ना' म्हणत.

मी कळमनुरी तालुक्यातली. बी.कॉम. केलं आणि आता हिंगोलीत हळदीच्या एका आडतीचा हिशेब लिहिते. आकड्यांशी रोजचा संबंध, म्हणून मोहल्ल्यातली मुलं स्कॉलरशिपचे फॉर्म आणि बँकेचे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचे मेसेज वाचून वाचून माझा राग वाढला आहे, आणि हा लेख त्या रागातूनच लिहिला आहे.

मायनस कसं होतं

कॉलेजात उघडलेली बरीच खाती विद्यार्थी खाती असतात. किमान शिल्लक ठेवायची गरज नसते. ठरावीक वय झालं किंवा शिक्षण संपलं की बँक तेच खातं साध्या बचत खात्यात बदलते. खातं तेच, पासबुक तेच, नियम नवे. किमान शिल्लक नसेल तर दंड, आणि दंडावर अठरा टक्के जीएसटी.

माझ्या खात्याचं असंच झालं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका शाखेचा नाही. खात्यात २१२ रुपये होते. दरमहा शंभर रुपये दंड आणि अठरा रुपये कर, म्हणजे ११८. सहा महिन्यांचे ७०८. खातं झालं वजा ४९६. याची मला ना चिठ्ठी, ना मेसेज. मग स्कॉलरशिपचा उशिरा आलेला हप्ता जमा झाला आणि बँकेने त्यातून आधी आपले ४९६ रुपये काढून घेतले. शासनाने शिक्षणासाठी दिलेला पैसा माझ्या हातात यायच्या आधी दंडात गेला.

रिझर्व्ह बँकेचा २० नोव्हेंबर २०१४ चा आदेश आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. शिल्लक कमी झाली तर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड जेवढी रक्कम कमी आहे त्या प्रमाणात घ्यायचा. आणि फक्त या दंडामुळे खातं वजा होता कामा नये. मी या आदेशाची तारीख टाकून अर्ज दिला, पोच घेतली. तीन आठवड्यांत ४९६ रुपये परत आले. मग नोटीस दिली नव्हती म्हणून उरलेल्या २१२ साठी दुसरा अर्ज दिला, तेही आले. कोणाची ओळख लागली नाही, कोणाचा फोन लागला नाही. तारीख आणि पोच लागली.

'एवढ्याशा रकमेसाठी एवढं?' असं म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी एक मोठा आकडा. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याच्या दंडातून ८,४९५ कोटी रुपये गोळा केले. हा आकडा केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये संसदेत दिला. ज्याच्या खात्यात पैसे असतात त्याला हा दंड बसत नाही. म्हणजे हे कोट्यवधी रुपये कोणाकडून आले, ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मराठवाड्याची आठवण

आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राजवटीत १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तीच १९५६ नंतर स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्यात लोक तिला 'हैदराबाद बँक' म्हणूनच ओळखत राहिले. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच तारखेपासून स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याचा दंड पुन्हा सुरू केला. ग्रामीण शाखेसाठी मर्यादा हजार रुपये होती. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत बँकेने या दंडातून १,७७१ कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतला तिचा निव्वळ नफा १,५८१ कोटी होता.

देशभर ओरड झाली. मर्यादा आणि दंड कमी झाले, आणि मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने बचत खात्यांवरची किमान शिल्लकेची अट काढूनच टाकली. जून-जुलै २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनीही हा दंड बंद केला. म्हणजे लोक बोलले तेव्हा नियम बदलला. बोलणाऱ्यांत आपण किती होतो, हा प्रश्न मी आपल्यालाच विचारते.

काउंटरवरची उत्तरं

आता मूळ मुद्दा. 'मूलभूत बचत ठेव खातं' नावाचं एक खातं रिझर्व्ह बँकेने १० ऑगस्ट २०१२ च्या आदेशाने सगळ्या बँकांना द्यायला लावलं. २०१९ मध्ये त्यातल्या सोयी वाढवल्या. किमान शिल्लक नाही. एटीएम कार्ड मोफत. पैसे जमा करायला कितीही वेळा मोकळीक. महिन्यात किमान चार वेळा मोफत पैसे काढता येतात. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग बघायचा नाही. हे खातं प्रत्येकाला मागता येतं, आणि चालू असलेलं साधं बचत खातं लेखी अर्ज देऊन या प्रकारात बदलूनही घेता येतं. अटी दोनच: त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नसावं, आणि दुसऱ्या कोणत्या बँकेत याच प्रकारचं खातं नसावं.

हे खातं मागायला गेलं की काय ऐकायला मिळतं? 'ते जनधनवाल्यांसाठी आहे.' 'ती स्कीम बंद झाली.' 'तुम्ही शिकलेले, तुम्हाला कशाला ते?' आणि मग एक इन्शुरन्सचा फॉर्म पुढे येतो. दोस्तांनो, यातलं एकही उत्तर नियमात नाही. काउंटरवरच्या माणसावर टार्गेट असतं, हे मी समजू शकते. पण त्याचं टार्गेट माझ्या खिशातून पूर्ण व्हावं, हे मी का मान्य करू?

इथे एक फरक लक्षात ठेवा. गावात ग्राहक सेवा केंद्रावर किंवा एखाद्या शिबिरात अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं खातं 'लहान खातं' असू शकतं. त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा करता येत नाही, शिल्लक पन्नास हजारांवर नेता येत नाही आणि महिन्यात दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही. पुण्यात किंवा संभाजीनगरात नोकरी लागून पगार सुरू झाला की हे खातं अडकतं, आणि मुलाला वाटतं बँकेने पैसे खाल्ले. उपाय साधा आहे. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा, मग या मर्यादा राहत नाहीत.

ओव्हरड्राफ्ट आणि ॲपचं कर्ज

ब्रिटनमध्ये व्यापारी बँका विद्यार्थ्यांना खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. पदवीनंतर दोन-तीन वर्षांत ती सवलत टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात. धर्मादाय म्हणून नाही, धंदा म्हणून: आजचा विद्यार्थी उद्याचा पगारदार ग्राहक. आपल्याकडे नव्या पदवीधराच्या वाट्याला असं काही येत नाही. जनधन खात्यावर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे, त्यातले दोन हजार विनाअट. पण तो कुटुंबात एकालाच, प्राधान्याने घरातल्या बाईला मिळतो, आणि त्यावर व्याज लागतं. किती घरांतल्या अम्मींना हे माहीत आहे?

मग मुलाखतीला पुण्याला जायचं भाडं, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची मेस कुठून येणार? मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी 'पढो परदेस' योजनाही बंद झाली. वरून हात आखडला आणि मोबाईलवर 'पाच मिनिटांत पाच हजार' म्हणणारं ॲप पुढे आलं. मुलं तिथे जातात.

या ॲपवाल्यांनाही नियम आहेत, आणि २०२२ पासून आहेत. कर्ज थेट तुमच्या बँक खात्यात आलं पाहिजे. सगळा खर्च धरून वर्षाचा दर सांगणारा एक कागद आधी दिला पाहिजे. ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करता आलं पाहिजे. तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल यांना हात लावायचा नाही. जे ॲप पहिल्याच पानावर कॉन्टॅक्टची परवानगी मागतं, ते तुमच्या अब्बूंना, मामूंना, तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांना फोन करण्याची तयारी आधीच करत असतं. ते तिथेच काढून टाका. कोणत्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या नावावर हे कर्ज आहे, तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आता अशा ॲपची यादी आहे.

आणि असं कर्ज थकलं तर ते सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीत येतं. उद्या हळदीच्या व्यापारासाठी किंवा दुकानासाठी कर्ज मागाल तेव्हा हेच पाच हजार आडवे येतील. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. पदवीच्या वर्षीच तो काढून बघा.

'बँक म्हणजे सूद'

आता घरातलं बोलते. बँकेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य येतं: 'बँक म्हणजे सूद, दूरच बरं.' ज्याला मनापासून व्याज टाळायचं आहे त्याच्याबद्दल मला आदर आहे. खात्यात जमा झालेलं व्याज स्वतःसाठी न वापरता गरजूला देऊन टाकणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. तो मार्ग त्यांच्यासाठी खुला आहेच. माझा वाद त्या वाक्याशी आहे जे फक्त आळस झाकण्यासाठी वापरलं जातं. खात्यात जमा होणारे तीस रुपये व्याज नको म्हणणारा मुलगा ॲपला महिन्याला कितीतरी पट व्याज भरतो, ते कसं चालतं? आणि खात्यावर बसलेला दंड कोणत्या हिशेबात धरायचा?

याच वाक्याचा फायदा घेऊन लोकांनी आपल्याला लुटलं. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने 'हलाल नफा' म्हणत हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले. जून २०१९ मध्ये तिचा मालक देश सोडून पळाला. तिथे दाढी होती, आयती होत्या, विमा मात्र नव्हता. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, आणि तिथे अडकलेल्या ठेवींचं दुःख मराठवाड्याने अलीकडेच पाहिलं आहे.

बिनव्याजी बँकिंगची मागणी करायचीच असेल तर उघडपणे करा. रघुराम राजन समितीने २००८ मध्येच बिनव्याजी बँकिंगला वाव द्यावा अशी शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं कळवलं. त्यावर सभा घ्या, निवेदन द्या. पण ती मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मुलांनी वजा खात्यावर जगायचं का?

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात लिहिलं होतं की काही बँका ठरावीक वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात आणि तिथे कर्ज सहजासहजी देत नाहीत. बँकेने आपल्याला दूर ठेवलं हे खरं आहे. उरलेलं काम आपण स्वतः दूर राहून पूर्ण करावं, हे मला मान्य नाही.

मुलींचं खातं कोणाचं?

हे लिहिलं नाही तर लेख अर्धा राहील. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या खात्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. खातं तिच्या नावावर, आधार तिचं, स्कॉलरशिप तिची, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर भाईजानचा. ओटीपी त्याच्याकडे, एटीएम कार्ड अब्बूंच्या पाकिटात. पैसे किती आले हे तिला विचारावं लागतं. घरचे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण पदवी घेतलेल्या मुलीला स्वतःच्या खात्याची शिल्लक कळत नसेल, तर ते खातं तिचं नाही. शाखेत जा, स्वतःचा नंबर जोडा, कार्डाचा पिन बदला. घरात प्रश्न आला तर प्रेमाने सांगा की बँकेचा नियमच आहे, पिन आणि ओटीपी कोणालाच द्यायचा नाही. ते खरंही आहे.

या महिन्यात करायच्या गोष्टी

आधी सगळी खाती एका कागदावर लिहा: शाळेत उघडलेलं, कॉलेजचं, जनधनचं. सरकारी पैसा कोणत्या खात्यात येतो ते आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' बघून तपासा. महाडीबीटीचा राहिलेला हप्ता आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. म्हणून हप्ता येईपर्यंत ते खातं बंद करू नका, आणि नवं खातं उघडताना आधार जोडण्याच्या रकान्यात न वाचता टिक करू नका.

मग एकच मुख्य खातं ठेवा. जिथे शाखा जवळ आहे, किमान शिल्लक नाही आणि ठेवीला विमा आहे, अशी बँक निवडा. दंड बंद केलेल्या बँकेतही डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क असू शकतं, ते विचारा. कंपनीने उघडून दिलेलं पगाराचं खातं पगार येतो तोवरच झिरो बॅलन्स असतं. कंत्राट संपलं आणि काही महिने पगार आला नाही की ते साधं खातं होतं आणि मायनसची गोष्ट पुन्हा सुरू होते. नोकरी सुटली की त्याच आठवड्यात त्याचा निर्णय घ्या.

नको असलेली खाती लेखी अर्ज देऊन बंद करा, पोच घ्या. दोन वर्षं न वापरल्याने बंद पडलेलं खातं पुन्हा सुरू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही, आणि अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंडही लावू शकत नाही. काउंटरवर 'नाही' म्हणाले तर भांडू नका. 'हे लिहून द्या' एवढंच म्हणा. बँकेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. वकील लागत नाही.

शेवटी जमातींना, मोहल्ला कमिट्यांना, वाचनालयं चालवणाऱ्या दोस्तांना एक मागणी. गुणवंतांचे सत्कार आपण दर वर्षी करतो. हार, शाल, ट्रॉफी. या वर्षी त्याच मंडपात एक टेबल लावा. दोन हिशेब कळणारी मुलं बसवा, अर्जाचे कोरे नमुने ठेवा, प्रत्येकाचं पासबुक बघा. ज्यांचं खातं वजा आहे त्यांचे अर्ज तिथेच लिहा आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून शाखेत द्या. एकटा मुलगा गेला तर त्याला परत पाठवता येतं. पंचवीस अर्ज पोच मागत उभे राहिले तर मॅनेजर खुर्चीतून उठतो.